इंजिन समजून घेताना – भाग ६ : मार्क जुळले, पण टायमिंग?

कॅमशाफ्टचा उंचवटा व्हॉल्व्ह किती उचलतो, हे मागच्या आठवड्यात पाहिले. तो केव्हा उचलतो, हा आजचा विषय. या ‘केव्हा’चा खरा कस ड्रॅग रेसच्या इंजिनात लागतो, म्हणून उदाहरण तिथलेच घेऊ.

उभ्या जागेवरून सुटायचे आणि पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, सरळ रेषेत कमीत कमी वेळात कापायचे, ही ड्रॅग रेस. आपल्या राज्यात लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा स्पर्धा झाल्या आहेत. रत्नागिरीकरांच्या रोजच्या पाहण्यातली इंजिने मात्र मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवरची. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात ती उघडली जातात. चार स्ट्रोक तेच, कॅमशाफ्ट तोच. पण ट्रॉलरचे डिझेल तासन्‌तास एकाच लयीत ओढत राहते, तर ड्रॅगचे पेट्रोल इंजिन काही सेकंदच, पण अगदी वरच्या फेऱ्यांवर चालते.

हा फरक आकड्यांत पाहा. मिनिटाला १,५०० फेरे असतील तर पिस्टनला वरून खाली यायला २० मिलिसेकंद मिळतात. ९,००० फेऱ्यांवर जेमतेम ३.३. एवढ्या वेळात सिलिंडर भरायचा तर पिस्टन वर पोहोचण्याआधीच इनलेट व्हॉल्व्ह उघडायला लागतो आणि पिस्टन तळ गाठून परत वर निघाला तरी तो काही अंश उघडा ठेवावा लागतो. वेगाने आत येणाऱ्या हवेला स्वतःचा जोर असतो, त्या जोरावर ती शेवटपर्यंत आत घुसत राहते. कमी फेऱ्यांवर हा जोर नसतो. तिथे उशिरा मिटणारा व्हॉल्व्ह भरलेले मिश्रण परत बाहेर ढकलू देतो आणि इंजिन खालच्या फेऱ्यांवर मरगळते.

समजा इनलेट व्हॉल्व्ह वरच्या टोकाच्या, म्हणजे टीडीसीच्या, २० अंश आधी उघडतो आणि खालच्या टोकानंतर ६० अंशांवर मिटतो. २०, १८० आणि ६० मिळून २६० अंश. त्याचे निम्मे १३०, त्यातून २० वजा केले की ११०. म्हणजे उंचवट्याचा मध्य टीडीसीनंतर ११० अंशांवर आला. कॅम ४ अंश पुढे घेतला, तर हा मध्य १०६ वर येतो, व्हॉल्व्ह लवकर मिटतो आणि खालचा ओढा वाढतो. मागे घेतला तर ताकद वरच्या फेऱ्यांकडे सरकते. हे अंश क्रँकचे. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक, म्हणून क्रँकच्या ४ अंशांसाठी कॅम २ अंशच फिरवायचा.

स्प्रॉकेटवरचे मार्क जुळवले की टायमिंग लागले, असे गॅरेजमध्ये धरून चालतात. रोजच्या गाडीला ते पुरते, रेसच्या इंजिनाला पुरत नाही. चेन ताणली की कॅम मागे पडतो. ओव्हरहेड कॅमच्या इंजिनात हेडचे फेसिंग केले की कॅम क्रँकच्या जवळ येतो आणि टायमिंग पुन्हा मागे सरकते. मार्क मात्र जुळलेलेच दिसतात. म्हणून मोजायचे.

आधी खरा टीडीसी शोधा. तिथे पिस्टन काही अंश जवळजवळ हलतच नाही, त्यामुळे नजरेने तो सापडत नाही. क्रँकला डिग्री प्लेट लावा, प्लगच्या भोकात पिस्टन अडेल असा स्टॉपर बसवा आणि क्रँक हाताने, हळूच, दोन्ही बाजूंना टेकेपर्यंत फिरवा. एका बाजूला २४ आणि दुसऱ्या बाजूला २८ अंश आले, तर काटा २ अंशांनी सरकवून दोन्हीकडे २६ करा. आता शून्य खरे. स्टॉपर काढा, व्हॉल्व्हच्या रिटेनरवर डायल गेज टेकवा आणि कॅम बनवणाऱ्याच्या कार्डावर दिलेल्या उचलीला, बहुधा १ मिलिमीटरला, उघडण्याचे आणि मिटण्याचे अंश टिपा. हे मोजताना क्रँक इंजिनाच्या फिरण्याच्याच दिशेने फिरवा, नाहीतर चेनचा ढिलेपणा मापात शिरतो. फरक आला तर लांबट भोकांच्या स्प्रॉकेटवर कॅम सरकवा, बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळा आणि पुन्हा मोजा.

शेवटची तपासणी टाळू नका. कॅम पुढे घेतला की इनलेट व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो, मागे घेतला की एक्झॉस्ट. पिस्टनवर मऊ माती लावा, हेड बसवा, क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि दबलेल्या मातीची जाडी मोजा. इनलेटला साधारण २ आणि एक्झॉस्टला अडीच मिलिमीटर हवेत. कुठेही अडले तर जोर लावू नका. स्टार्टर मारण्याआधी हे झालेच पाहिजे, कारण वरच्या फेऱ्यांवर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडला तर व्हॉल्व्ह वाकतो, पिस्टन फुटतो आणि पुष्कळदा हेडही हातचे जाते.

डायल गेज लेथच्या कारखान्यात असते, डिग्री प्लेट पत्र्याची करता येते. रत्नागिरीतल्या गॅरेजमध्ये हे सारे शक्य आहे, फक्त मोजण्याची सवय लावायला हवी. आणि असे इंजिन तयार झाले तर ते बंदिस्त धावपट्टीवरच पळवा. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे, आणि त्याची किंमत रस्त्यावरचा दुसराच कोणीतरी मोजतो.

(पुढील भागात : आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्टच नसतो. तिथे टायमिंग सिलिंडरमधली पोर्ट ठरवतात, ते कसे?)