वस्तऱ्याच्या पाठीला टेप लावावी काय?

आमच्या घरी लोखंडी पेटीत एक जुना वस्तरा आहे. पात्यावर ‘सोलिंगेन’ या जर्मनीतील शहराचे नाव कोरलेले आहे. हे शहर चाकू-सुऱ्या व वस्तऱ्यांसाठी जगभर प्रसिद्ध आहे. हा वस्तरा आमच्या आजोबांचा. आजोबांचा धंदा काही न्हाव्याचा नव्हता. गावात न्हावी होता, पण तो आमच्या वस्तीतल्या माणसाच्या गालाला हात लावीत नसे. म्हणून आजोबांनी मुंबईहून येताना हा वस्तरा आणला. रविवारी लिंबाखाली पोते अंथरायचे आणि वस्तीतल्या एकेकाची दाढी करायची, हा त्यांचा नेम. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरदेवही त्यांच्याच पुढे बसायचा.

हे काही एका घरापुरते नव्हते. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत साताऱ्याची हकिगत लिहून ठेवली आहे. तेथे न्हावी होते, घरी द्यायला पैसेही होते, पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कोणी तयार नव्हते. भावंडांचे केस थोरल्या बहिणीनेच कापायचे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी एखादी कात्री किंवा वस्तरा अजून असेल.

तर वाचकहो, मागे आमच्या मनाने घेतले की हा वस्तरा नुसता पेटीत ठेवायचा नाही, त्याने दाढी करायची. त्यासाठी धार हवी. बाजारातून धारेचा दगड आणला आणि एका रविवारी तासभर दाबून घासले. धार काही लागली नाही. दाढीचे केस ओढले जात होते. पण पात्याच्या जाड कडेवर, म्हणजे पाठीवर, एक चकचकीत सपाट पट्टा मात्र उमटला. टोकाकडे रुंद, मुठीकडे अरुंद. आजोबांच्या हयातीत जेवढी पाठ झिजली नसेल तेवढी आम्ही तासाभरात झिजवली. त्या रात्री आम्हाला नीट झोप लागली नाही.

शेवटी तो वस्तरा घेऊन आम्ही आमच्या भागातल्या एका वृद्ध नाभिक कारागिराकडे गेलो. आता सलूनमध्ये अर्धे ब्लेड घालायचा वस्तरा असतो. एका माणसाला एक ब्लेड, मग ते फेकायचे. रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण त्यामुळे दगडावर धार काढणारे हात कमी झाले. काकांनी वस्तरा उजेडात धरला आणि म्हणाले, “साहेब, पाठीला टेप लावली नाहीत?” वस्तरा कुठून आला ते आम्ही सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आमच्या जुन्या माणसांनी तुमच्या लोकांना नाही म्हटलं. मी शिकवतो, बसा.”

काकांनी जे सांगितले व आम्ही पुढे करून पाहिले, ते असे.

विळीला किंवा सुरीला धार लावताना तिरपेपणा आपला हात ठरवतो. वस्तऱ्याचे तसे नाही. वस्तरा दगडावर आडवा ठेवायचा. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. म्हणजे धारेचा कोन किती, हे पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी ठरवतात. पाते १६ मिलिमीटर रुंद व पाठ ४.५ मिलिमीटर जाड असेल, तर कोन सुमारे १६ अंश येतो.

धार घासली जाते तशी पाठही घासली जाते. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. कचेरीत टेबल-खुर्चीचा घसारा दरवर्षी हिशेबात धरतो. वस्तऱ्याचाही घसारा असतो. फरक एवढाच, की तो दोन खात्यांवर पडतो. पाते रुंदीने कमी होते आणि पाठ जाडीने कमी होते. दोन्ही बेताने कमी झाली तर कोन जवळपास तोच राहतो. घडविणाऱ्यांनी ही सोय मुद्दाम केलेली आहे. म्हणूनच चांगला, सरळ, न झिजलेला वस्तरा हलक्या हाताने घासायचा असेल, तर टेपेची गरज नाही.

मग टेप कधी? आमच्यासारख्या कोणी दाबून घासून पाठ वेडीवाकडी झिजवली असेल तेव्हा. पाठ फार पातळ झाली तर कोन लहान होतो, धार नाजूक होते आणि तिचे बारीक तुकडे पडतात. पाठीवर नक्षी किंवा सोनेरी मुलामा असेल तेव्हाही टेप लावावी. तसेच धारेत खाच पडली असेल आणि भरड दगडावर बराच वेळ घासायचे असेल, तेव्हाही. टेप म्हणजे विजेच्या तारांना गुंडाळतात तीच प्लॅस्टिकची चिकटपट्टी.

पण टेप फुकट नाही. तिची जाडी मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढी, पण ती पाठीच्या दोन्ही बाजूंना येते. वर दिलेल्या वस्तऱ्याचा कोन तेवढ्याने सुमारे एका अंशाने वाढतो. दाढीला एक अंश विशेष जाणवत नाही. मात्र वर्षानुवर्षे टेप लावूनच घासत राहिले तर पाते अरुंद होत जाते आणि पाठ तेवढीच राहते. कोन हळूहळू मोठा होतो. म्हणजे घसारा एकाच खात्यावर पडतो. हे माहीत असून टेप लावावी.

लावण्याची रीत अशी :

१. पाठ कोरडी व तेलाशिवाय पुसून घ्यावी. टेपेचा एकच थर पाठीवरून दोन्ही बाजूंना सारखा उतरेल असा बसवावा. सुरकुती किंवा हवेचा फुगा राहू देऊ नये. लावताना बोट धारेपासून दूर ठेवावे.

२. दगड पाण्याने ओला करून, सपाट आहे याची खात्री करून घ्यावी. धार पुढे ठेवून वस्तरा ढकलावा, पाठीवर उलटवून तसाच परत आणावा. वजन फक्त वस्तऱ्याचे, दाब नाही.

३. प्रथम १००० नंबरचा दगड, मग ४०००, मग ८०००. दगड बदलताना टेपही बदलावी. झिजलेली टेप कोन बदलते आणि भरड कण बारीक दगडावर नेते.

४. शेवटी टेप काढून, पाठ पुसून, चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरवावा. तेथे पाठ पुढे, धार मागे. उलट केल्यास पट्टा कापला जातो.

आता आमची दुसरी चूक सांगतो. काही महिन्यांनी आमच्या चिरंजीवांनी हौसेने तोच वस्तरा बारीक दगडावर फिरवला, टेप न लावता. “पप्पा, पन्नास वेळा फिरवला, काही फरक नाही!” आम्हाला उमगेना. काकांनी सांगितलेली युक्ती आठवली. मार्कर पेनाने धारेची कड काळी केली आणि वस्तरा दगडावरून दोनदा फिरवला. शाई धारेच्या मागच्या बाजूची गेली, अगदी टोकाची तशीच राहिली. टेपेने पाठ उंच झाली होती, त्या उंचीची धार आम्ही काढली होती. टेप नसताना दगड टोकापर्यंत पोचतच नव्हता. एक थर टेप लावून पुन्हा फिरवले, शाई टोकापर्यंत साफ गेली.

सांगायचे ते एवढेच. टेप लावणे म्हणजे अडाणीपणा नव्हे, आणि न लावणे म्हणजे मोठी कारागिरीही नव्हे. वस्तऱ्याची पाठ पाहून एकदा ठरवावे. मग तेच धरून चालावे आणि पुढच्या माणसाला ते कळवून ठेवावे. कोणी म्हणते म्हणून न मानता शाई लावून स्वतः तपासावे. आणि एक वस्तरा एकाच माणसाने वापरावा, हे घरातही पाळावे.

आमच्या पेटीत आता वस्तऱ्याबरोबर एक चिठ्ठी असते. “टेप, एक थर”, खाली तारीख. आजोबांनी अशी चिठ्ठी ठेवली नव्हती, कारण त्यांना लिहिता येत नव्हते. आपल्या घरी असा वस्तरा असेल तर तो भंगारवाल्याला देऊ नका. तो ज्याने वापरला त्याचे नाव आणि तो का घ्यावा लागला ते कारण, एवढे तरी चिठ्ठीवर लिहा. मुलांना वाचता येते.