जाड पोह्यांची वाटी, पातळ पोह्यांची वाटी

पेणच्या बाजारात एक किलो जाड पोहे आणि एक किलो पातळ पोहे शेजारी शेजारी तोलून घ्यावेत. जाड पोह्यांची पिशवी आटोपशीर राहते, पातळ पोह्यांची टम्म फुगते. वजन तेच, दोन्हींत भातच. फरक पडतो तो गिरणीत.

पेण आणि रोहा ही पोह्यांची नावाजलेली गावं. भात गरम पाण्यात भिजवायचं, निथळायचं, तापलेल्या वाळूत भाजायचं आणि गरम असतानाच चेपायचं. चेप वाढत जाईल तसा दाणा पसरट होतो. या पसरट पाकळ्या एकमेकींवर आडव्यातिडव्या पडतात, मधे हवा राहते आणि वाटी लवकर भरते. म्हणूनच ‘दोन वाट्या पोहे’ एवढंच लिहिलेली कृती मला अपुरी वाटते. जाड पोह्यांच्या वाटीवर बेतलेलं तेल-मीठ पातळ पोह्यांच्या तेवढ्याच वाट्यांना घातलं, तर चिवडा खारट आणि तेलकट होणारच.

आपल्याकडे धान्य मापूनच घेत. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. माप काठाशी सपाट करायचं की शिगोशीग भरायचं, हेही ठरलेलं असे. भाताची पायली तांदळाच्या पायलीपेक्षा हलकी, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक. माप तेच, धान्य तेच, भरणारा हातही तोच, त्यामुळे हिशेब चुकत नसे. रोह्याचे चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना 1955 मध्ये दशमान नाण्यांचा कायदा झाला. वजन-मापांचा कायदा त्यांनी पद सोडल्यावर, 1956च्या अखेरीस झाला. दुकानात किलो आला. स्वयंपाकघरात मात्र वाटी राहिली, आणि ती प्रत्येक घरी वेगळी.

पेणच्या पोह्याच्या पापडात हे फार जाणवतं. पोह्याचं पीठ, पापडखार, मीठ, हिंग, तिखट, जिन्नस मोजकेच. पीठ चाळून हलक्या हाताने भरलं तर वाटीत कमी मावतं. वाटी आपटून भरली की तेच पीठ दबून बसतं आणि बरंच जास्त मावतं. मिठाचंही तसंच. पेणच्या खारेपाटात मिठागरं होती, खडेमीठ घरोघरी असे. खड्यांच्या मधे पोकळी राहते, म्हणून चमचाभर खडेमीठ चमचाभर बारीक मिठापेक्षा कमी खारट पडतं. पापडखार जरा जास्त झाला तर पापड तळताना लाल होतो आणि चवीला उग्र लागतो. एवढ्या नाजूक कामात मीठ आणि खार तोलूनच घ्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

240 मिलिलिटरच्या कपात पाणी 240 ग्रॅम बसतं, तेल साधारण 220, साखर 200, कणीक मात्र 120 ते 130च्या आसपास. द्रव पदार्थ कसेही ओतले तरी फसवत नाहीत. पीठ, पोहे, रवा यांचं वजन दळण, चाळण आणि भरणारा हात यांवर हलतं. पुस्तकातला आकडा तिथे अंदाजापुरताच.

तेव्हा आपल्या रोजच्या वाटीत आपले नेहमीचे पोहे, कणीक, रवा आणि मीठ एकदा तोलून पाहा, आणि ते आकडे पाककृतींच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मुलीला किंवा सुनेला पापडाचं प्रमाण कळवताना वाट्यांच्या जोडीला ग्रॅमही कळवा.