भुजा टिकतात, तारे पुढे जातात

सप्तर्षींतील अखेरचा तारा जो मरीची, त्याच्या निकट, परंतु श्यामशबल या तारकासमूहाच्या हद्दीत, ‘एम ५१’ नावाची सर्पिल दीर्घिका आहे. १७७३ साली चार्ल्स मेसिए या फ्रेंच ज्योतिर्विदाच्या दृष्टीस ती पडली, तेव्हा एक अंधूक अभ्रिका एवढीच तिची नोंद झाली. पुढे १८४५ मध्ये आयर्लंडातील बर येथील आपल्या जहागिरीत लॉर्ड रॉस यांनी तांबे व कथील यांच्या मिश्रधातूचा ७२ इंच व्यासाचा आरसा असलेली प्रचंड दुर्बीण उभारून तिच्याकडे पाहिले, आणि केंद्राभोवती वळसे घेत गेलेल्या तिच्या भुजा त्यांनी स्वहस्ते रेखाटल्या. अभ्रिकेचे सर्पिल रूप मनुष्याला प्रथम दिसले ते येथे.

या रूपाने पुढे शास्त्रज्ञांना मोठ्या कोड्यात टाकले. दीर्घिकेतील तारे केंद्राभोवती फिरतात, पण आतल्या ताऱ्यांची प्रदक्षिणा बाहेरच्यांच्या कितीतरी आधी पुरी होते. तेव्हा भुजा जर ठरावीक ताऱ्यांच्याच बनलेल्या असत्या, तर काही प्रदक्षिणांतच त्या घट्ट गुंडाळल्या जाऊन नाहीशा झाल्या असत्या. १९६४ मध्ये लिन आणि शू या शास्त्रज्ञांनी जी उपपत्ती मांडली तिच्या मते भुजा म्हणजे घनतेची लाट होय. टोलनाक्यावर गाड्यांची दाटी दिवसभर कायम असते, पण सकाळची गाडी दुपारी तेथे नसते. त्याप्रमाणे तारे व वायू भुजेत शिरतात, मंदावतात, दाटतात आणि पुढे निघून जातात.

‘एम ५१’च्या छायाचित्रात हा व्यवहार टप्प्याटप्प्याने उलगडतो. भुजेच्या आतल्या कडेने धुळीची काळी रेघ जाते, कारण वायू व धूळ प्रथम तेथे दाबली जातात. तिच्यालगत नवजात ताऱ्यांच्या प्रकाशाने उजळलेले हायड्रोजनचे गुलाबी ठिपके दिसतात, आणि त्यापलीकडे तरुण ताऱ्यांची निळी झळाळी पसरलेली असते. हे प्रखर निळे तारे अल्पायुषी असल्याने भुजेपासून फार दूर जाण्यापूर्वीच त्यांचा अंत होतो. म्हणून भुजा उजळ दिसते, आणि दोन भुजांमधील अवकाश, त्यात सामान्य ताऱ्यांची वस्ती असूनही, काळोखा भासतो. शेजारच्या ‘एनजीसी ५१९५’ या लहान दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने या भुजा अधिकच ठळक केल्या आहेत.

आपली आकाशगंगाही सर्पिलच आहे. परंतु आपण तिच्या तबकडीतच राहत असल्याने तिचे समग्र रूप आपल्याला बाहेरून पाहता येत नाही. ज्यांना सर्पिलाचे दर्शन घ्यावयाचे असेल त्यांनी वैशाखातील निरभ्र, चंद्रहीन रात्री, शहराच्या दिव्यांपासून दूर जाऊन, मरीचीच्या आसपास दुर्बीण रोखावी. लहान दुर्बिणीतून भुजा दिसणार नाहीत, एकमेकांजवळचे दोन फिकट ठिपके तेवढे दिसतील. पण त्यांचा प्रकाश दोन कोटींहून अधिक वर्षे प्रवास करून आलेला असतो.