ट्रक ओढतो किती, वाहतो किती?

बैलगाडीत पोती रचताना ओझे फार पुढे आले, तर बैलांच्या मानेवर जू दाबते. फार मागे गेले, तर गाडी उलाळ होते. म्हणजेच बैल गाडी ओढतात आणि तिचा थोडा भार वाहतातही. अमेरिकेत चाकांवरचे घर ट्रकमागे जोडून प्रवासाला निघणाऱ्या कुटुंबांपुढे नेमका हाच प्रश्न असतो.

अशा मोठ्या घराच्या पुढील भागाखाली पोलादी खुंटी असते. ती ट्रकच्या हौद्यात, मागच्या आसाच्या जवळपास वर बसवलेल्या खाचेच्या तबकडीत अडकते. या जोडाला ‘पाचवे चाक’ म्हणतात. घोडागाडीचा पुढचा आस वळावा म्हणून त्यावर आडवे कडे असे. त्यावरून हे नाव पडले.

आता तरफेचा नियम लावू. समजा, सामानासह घराचे वजन ५,००० किग्रॅ आहे. खुंटी चाकांपासून ७ मीटर पुढे आणि गुरुत्वमध्य १.४ मीटर पुढे आहे. चाके हा टेकू मानल्यास,

खुंटीवरील भार × ७ = ५,००० × १.४

म्हणून खुंटीवरील भार १,००० किग्रॅ, म्हणजे एकूण वजनाच्या २० टक्के. प्रत्यक्षातही तो साधारणतः १५ ते २५ टक्के असतो.

समजा, जाहिरातीप्रमाणे ट्रक ६,००० किग्रॅ ओढू शकतो. मग चिंता कसली? पण थांबा! भरलेल्या ट्रकच्या वजनाची कमाल मर्यादा ४,५०० किग्रॅ आणि इंधनासह त्याचे स्वतःचे वजन ३,४०० किग्रॅ असेल, तर उरले १,१००. त्यातून माणसे व सामान यांचे २५० आणि जोडाचे १०० वजा केले, की शिल्लक फक्त ७५०. खुंटी तर १,००० किग्रॅ भार टाकते! ओढण्याची क्षमता पुरली, वाहण्याची २५० किग्रॅने अपुरी पडली.

हा भार बहुतांशी मागच्या आसावर येतो. टायर तापून फुटण्याचा धोका वाढतो, ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागते. सामान मागे सरकवून खुंटी हलकी करावी, असे तुम्ही सुचवाल. परंतु ती फार हलकी झाली, तर वेगात घर डावीउजवीकडे झोले खाऊ लागते. म्हणून खरा उपाय एकच : घर लहान घ्यावे किंवा ट्रक मोठा.

आता तुम्हीच सोडवा : खुंटी आणि चाके यांच्या बरोबर मध्यावर २०० लिटरची टाकी आहे. ती पाण्याने भरली, तर खुंटीवरील भार किती वाढेल?