मानमोडी म्हणून गप्प बसू नका

नवापूर म्हटले की बाहेरच्या माणसाला अजून बर्ड फ्लूच आठवतो. १८ फेब्रुवारी २००६ रोजी भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल जाहीर झाला आणि या रोगाची भारतातील पहिली नोंद आपल्या तालुक्याच्या नावावर पडली. कोंबड्या त्याआधीच मरत होत्या. पण 'मानमोडी असेल' म्हणून दिवस निघून गेले. मग शेडच्या शेड रिकामी झाली. २०२१ च्या फेब्रुवारीत पुन्हा तेच.

कोंबडीची पिल्ले निदान पुन्हा आणता येतात. माळढोक कुठून आणणार? त्याच्यासाठी १९७९ मध्ये सोलापूरकडे नान्नजला अभयारण्य झाले, तरी महाराष्ट्रात तो आता दिसेनासाच झाला. म्हणून २०१९ पासून राजस्थानात जैसलमेरकडे त्याची अंडी गोळा करून यंत्रात उबवतात, पिल्ले हाताने वाढवतात. गिधाडांचेही तसेच. हरियाणातील पिंजोरच्या केंद्रात वाढलेली गिधाडे २०२४ च्या जानेवारीत आपल्या पेंच आणि ताडोबात आणली. आता बघा, जात वाचवायची म्हणून इतके जीव एका कुंपणात ठेवायचे, म्हणजे गत आपल्या शेडसारखीच. एकाला लागण झाली की सगळ्यांना धोका. अमेरिकेत २०२३ मध्ये कॉन्डोर जातीची २१ दुर्मिळ गिधाडे याच रोगाने गेली. ती तर मोकळ्या रानातली होती! मग तिथल्या सरकारने लस टोचायला परवानगी दिली.

आणि रोग पक्ष्यांवरच थांबतो असेही नाही. २०२४ च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ व एक बिबट्या दगावला. संशय खाऊ घातलेल्या कोंबडीच्या मांसावर गेला.

तेव्हा परसात चार कोंबड्या असल्या तरी एवढे कराच. मानमोडीवरची लासोटा लस वेळेवर द्या. पण ती बर्ड फ्लूला चालत नाही, हे पक्के ध्यानात ठेवा. लस दिलेल्या कोंबड्याही पटापट मरू लागल्या, तुरे निळे पडले, तर मानमोडी म्हणून गप्प बसू नका. मेलेली कोंबडी नाल्यात फेकू नका. कावळे, घारी, कुत्री ती गावभर नेतात. शेजारच्या शेडमध्ये बघायला जाऊ नका, रोग चपलेला चिकटून येतो. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. सरपंच, ग्रामसेवक यांनीही वाट पाहू नये.

कळवले तर सगळ्या कोंबड्या मारतील, ही भीती खरी आहे. पण भरपाई सरकारने मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही.