सुई टोचून झाल्यावर

जून २०२१. मृगाचा पहिला पाऊस पडून गेलेला आहे. जामसांवलीतली धडधाकट माणसं सरकी टोबायला शेतात गेलीत, त्यामुळं शाळेच्या ओट्यावर दिसतात ते बहुतेक म्हातारेच. मार्चात कोविशिल्डचा पहिला डोस घेतलेल्यांचे ८४ दिवस भरलेत. आज त्यांची दुसरी पाळी. (गाव अजून मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात आहे. पांढुर्णा जिल्हा व्हायला २०२३ उजाडायचंय.)

शाळेच्या तीन खोल्या कामाला लागल्यात. पहिलीत आधार कार्ड बघून कोविन पोर्टलवर नाव चढतं. दुसरीत सिस्टर दंडात अर्धा मिलिलिटर लस टोचते. तिथं माणूस दोन मिनिटंही थांबत नाही. तिसऱ्या खोलीच्या दारावर ‘निगरानी कक्ष’ असा हिंदी कागद चिकटवलाय. आत बाकं, पंखा, पाण्याचा माठ, एक सतरंजी आणि टेबलावर औषधांची पेटी. टोचून आलेल्यानं इथं अर्धा तास बसायचं. मी याच खोलीत कोपऱ्यातल्या बाकावर बसलोय.

‘‘झालं न आता? जाऊ का घरी?’’ आत येणारा प्रत्येक जण आशाताईला हेच विचारतो.

‘‘बसा जी आबाजी. घड्याळात काटा इथं आला का मग जा.’’

पांढरी टोपी घातलेले एक आबाजी भिंतीला टेकून बसलेत. आज शनिवार. मारुतीचं गाव, त्यामुळं शनिवार धरणारी माणसं घरोघर. आबाजींनी सकाळपासून नुसता चहा घेतलाय, पण कुणी विचारलं नाही, म्हणून त्यांनीही सांगितलं नाही. बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक होतो, कपाळावर घाम फुटतो, काठी हातातून सुटते.

आशाताई आरडाओरड करत नाही. शेजारच्या पोराच्या मदतीनं ती आबाजींना सतरंजीवर आडवं करते, पाय उचलून बाकावर ठेवते, बंडीच्या गुंड्या सोडते, दाराशी जमलेल्यांना हटवते. तोवर सिस्टर येते. बोटं मनगटावर, नजर छातीवर. नाडी मंद आहे, पण हाताला लागते. श्वासाला घरघर नाही, ओठ सुजलेले नाहीत, अंगावर गांधी नाहीत. म्हणजे ही लसीची जोरदार ॲलर्जी नाही, रिकाम्या पोटाची भोवळ आहे. ॲलर्जी असती तर नाडी धावली असती, दम लागला असता, आणि पेटीतलं ॲड्रेनालिन त्याच क्षणी मांडीत टोचावं लागलं असतं. अर्धा तास बसवतात तो त्यासाठी. अशी ॲलर्जी फार क्वचित होते, पण झालीच तर बहुधा या पहिल्या अर्ध्या तासातच होते.

आबाजी डोळे उघडतात. नीट शुद्धीवर आल्याची खात्री झाल्यावर त्यांना उठवून बसवतात, पाणी देतात, मग गुळाचा खडा.

‘‘उपास हाये न माझा,’’ ते पुटपुटतात.

‘‘मारुतीराया काई म्हणत नाई. खा जी.’’

त्यांचा अर्धा तास आता नव्यानं मोजायचा, असं सिस्टर बजावून जाते.

पलीकडच्या बाकावर सत्तरी उलटलेली एक आजी आहे. कानानं कमी ऐकते, साखरेचा आजार आहे, घरी एकटीच असते. मुलगा नागपूरला, दीड तासाच्या वाटेवर. आशाताई तिच्यासमोर उकिडवी बसते, मास्कमुळं ओठ दिसत नाहीत म्हणून हातवारे करत मोठ्यानं सांगते: दंड दुखेल, चोळायचा नाही. रात्री ताप येईल, अंग मोडून येईल, घाबरायचं नाही. काहीतरी खाऊन पॅरासिटामॉलची गोळी घ्यायची, दुसरी लागलीच तर सहा तासांनी. पाणी पीत राहायचं. रोजची गोळी सोडायची नाही. दम लागला, छातीत दुखलं, तोंड सुजलं, डोकं असह्य दुखून डोळ्यांपुढं अंधारी आली, तर १०८ला फोन.

सांगून झाल्यावर ती आजीकडूनच वदवून घेते.

‘‘आता तुमी सांगा, काय करसान?’’

‘‘चोळणार नाई. ताप आला त खाऊन गोळी घेईन. दम लागला त एकशे आठ.’’

‘‘फोन कोण लावन?’’

आजी गप्प. मग म्हणते, ‘‘फोन त पोराजवळ हाये, नागपूरले.’’

कोविनवर नोंदलेला नंबरही मुलाचाच. लस झाल्याचा मेसेज नागपुरात वाजलाय. ताप येणार तो इथं जामसांवलीत. आशाताई आजीच्या कागदावर मागच्या बाजूला शेजारणीचा नंबर लिहिते, शेजारणीला फोन लावते आणि बोलून घेते: ‘‘रात्री एक डाव डोकावजा माय. झोपाच्या आंधी.’’

जामसांवलीत आजाऱ्याजवळ बसणं नवं नाही. इथला मारुती पिंपळाखाली निजलेला आहे. त्याच्या दारी मध्य प्रदेशातून आणि विदर्भातून आजारी माणसं येतात, मनाच्या आजारानं गांजलेलीही येतात, आणि त्यांच्यासोबत घरचं कुणीतरी मुक्कामाला राहतं. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. पण आजाऱ्याला एकटं सोडायचं नाही, हे या गावानं पिढ्यान् पिढ्या पाहिलंय. लसीच्या बाबतीतच ते विसरायला होतं, कारण लस घेतलेला माणूस आजारी दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आशाताईच्या मागोमाग मी आजीच्या घरी जातो. रात्री तापानं अंग फणफणलं होतं, आता ताप ओसरलाय. खाटेजवळ पाण्याचा लोटा आणि बॅटरी आहे. शेजारीण ठेवून गेली. रात्री तापाच्या गुंगीत मोरीकडे जाताना अंधारात पाय घसरला, तर म्हातारपणी मोडलेलं हाड महिनोन् महिने खाटेवर ठेवतं. पण ताटलीत कालची अर्धी भाकर तशीच आहे.

‘‘साखरेची गोळी घेतली का?’’

‘‘घेतली न. गोळी कशी सोडू?’’

गोळी पोटात आणि पोट रिकामं, म्हणजे साखर खाली उतरण्याची भीती. आशाताई आधी आजीच्या हातात वरणभाताची वाटी देते, मग डॉक्टरला फोन लावून पुढच्या गोळीचं विचारते. घास पोटात गेल्यावरच ती वहीत आजीच्या नावापुढं खूण करते आणि पुढच्या घराकडे निघते.

सुई टोचायचं काम सिस्टरचं. ते चोख होतं. पण म्हाताऱ्याला लस मानवली की नाही, हे त्यानंतरच्या दोन रात्रींत कळतं, आणि तेव्हा सिस्टर तिथं नसते. म्हणून कोविडची असो, फ्लूची असो, घरातल्या म्हाताऱ्याला लस द्यायला नेताना त्याला खाऊ घालून न्या, चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत घ्या, अर्धा तास त्याच्यापाशी बसा आणि दोन रात्री कुणीतरी जवळ राहा. तुम्ही नागपुरात, पुण्यात असाल, तर मेसेज वाजल्याबरोबर शेजाऱ्याला फोन करा. आणि तुमच्या शेजारी कुणी म्हातारं एकटं राहत असेल, तर फोनची वाट न बघता डोकावून या.