विद्यापीठाचे संगणकजाल : जोडणी आणि ओळख

विद्यापीठाच्या संगणकजालाशी जोडले जाणे म्हणजे भिंतीवरील खाचेत तार बसविणे, अशी सामान्य समजूत आहे. ती चुकीची नव्हे, पण अपुरी आहे. जोडणीचे दोन भाग आहेत : एक वाहतुकीचा, दुसरा ओळखीचा. चर्चा पहिल्याची फार होते; संशोधकाची अडवणूक मात्र बहुधा दुसऱ्यात होते.

वाहतुकीविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, संगणक जोडणारी तांब्याची तार साधारणतः १०० मीटरपर्यंतच भरवशाने काम देते. शिवाजी विद्यापीठाच्या साडेआठशे एकरांसारख्या विस्तीर्ण आवारात म्हणूनच इमारतीच्या आत तांबे आणि दोन इमारतींमध्ये काचतंतू अशी विभागणी सोयीची ठरते. काचतंतू विजेचा वाहक नाही. वळवाच्या पावसात विजा कशा कडाडतात हे जाणणाऱ्या कोल्हापूरकरांना ह्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. आवाराबाहेरच्या वाटा अर्नेट (१९८६) व पुढे मार्च २०१० मध्ये मंजूर झालेले राष्ट्रीय ज्ञानजाल ह्यांनी देशातील शिक्षणसंस्थांसाठी खुल्या केल्या.

आता ओळखीचा प्रश्न. जालावरील प्रत्येक यंत्रास अंकरूप पत्ता लागतो. जुन्या पद्धतीत असे पत्ते सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात. जगाला ते पुरत नाहीत. म्हणून आवारात खासगी पत्ते वापरतात आणि वेशीवर त्यांच्या जागी विद्यापीठाचा एखादा सार्वजनिक पत्ता घालून मजकूर बाहेर पाठवितात. नियतकालिकाच्या प्रकाशकास दिसतो तो हा वेशीचा पत्ता. तो त्याच्या यादीत असला की लेख उघडतो. वाचणारा प्राध्यापक आहे की विद्यार्थी, ह्याची विचारपूस तो करीत नाही.

तोच विद्यार्थी सुटीत चंदगडला किंवा शिराळ्याला घरी गेला की त्याच लेखाच्या जागी किंमत मागणारे पान येते. जाल बिघडले असे तो समजतो. वस्तुतः जाल उत्तम चालू असते. त्याची ओळख तेवढी आवारात राहिलेली असते. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेने ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय उच्च शिक्षणसंस्थांना खुली केली. तथापि ही ओळख नसेल तर त्या विद्यार्थ्यास त्यांचा उपयोग शून्य.

ह्यावर उपाय आहे. पुराभिलेखागारात जाताना आपण विभागप्रमुखांचे पत्र नेतो. दप्तर पाहू देणारा अधिकारी आपणांस नव्हे, त्या पत्रास ओळखतो. इन्फ्लिबनेटचा 'इन्फेड' हा संघ ह्याच तत्त्वावर चालतो. सदस्यसंस्थेचा वाचक प्रकाशकाच्या पानावर आपल्या संस्थेचे नाव निवडतो. प्रकाशक त्यास त्या संस्थेकडे धाडतो. परवलीचा शब्द तेथेच तपासला जातो आणि 'हा आमचा आहे' एवढाच निरोप परत जातो. परवलीचा शब्द प्रकाशकास कळतही नाही. महाविद्यालयात अध्यापन करून विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या शिक्षकांस हा मार्ग विशेष उपयोगी आहे. त्यासाठीचे खाते नोंदणी होताच ग्रंथालयाकडे विचारून घ्यावे. प्रबंधाच्या अखेरच्या महिन्याची वाट पाहू नये.

वेशीच्या पत्त्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. एखाद्याने यांत्रिक आज्ञावली लावून एका रात्रीत शेकडो लेख उतरविले, तर प्रकाशक तो पत्ताच बंद करू शकतो. आणि मग सकाळी निरपराध विभागांचाही प्रवेश थांबतो. मोठ्या प्रमाणावर मजकूर हवा असल्यास प्रकाशकाची रीतसर अनुमती घ्यावी. अनेक प्रकाशकांनी त्यासाठी वेगळा मार्ग ठेवलेला असतो. आवारात असूनही पूर्वी उघडणारे नियतकालिक अकस्मात उघडेनासे झाले, तर दिनांक, वेळ आणि पडद्यावर आलेला संदेश टिपून ग्रंथालयास व संगणक केंद्रास कळवावे. नुसते 'इंटरनेट चालत नाही' एवढ्याने तार तपासली जाते, आणि तार तर बहुधा ठीकच असते.